मालावरची खूण

आपल्या घरांत आज किती शिक्के आहेत, ह्याची मोजदाद सहसा कोणी करीत नाहीं. कुकरच्या अंगावर 'आयएसआय' हीं अक्षरें असतात. हळदीच्या पुडीवर 'ॲगमार्क' असतो, आणि त्याच पुडीच्या पाठीमागें चौदा आंकड्यांचा एक लांबलचक क्रमांक असतो. बांगडीच्या आंतल्या बाजूस भिंगाशिवाय न वाचतां येणारीं अक्षरें कोरलेलीं असतात. वाण्याच्या तराजूवरही वजनमापखात्याचा ठसा असतो. मात्र तो पाहण्यासाठीं आपण कधीं मान वांकडी केलेली नसते. एवढ्या साक्षीदारांच्या गर्दींत आपण राहतों, आणि त्यांपैकीं एकाचीही उलटतपासणी घेत नाहीं. हे साक्षीदार केव्हां आले, त्यांस कोणी उभें केलें, आणि ते साक्ष देतात ती नेमकी कशाची, हें आज थोडें पाहूं.

ह्यासाठीं मीं सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घेतले आहेत. वास्तविक ते एकाच जिल्ह्याचे दोन तुकडे. १९४९ सालीं दक्षिण सातारा नांवाचा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कृष्णेच्या कांठच्या ह्या पट्ट्यांत हळद पिकते, लोखंडाचे कारखाने चालतात, आणि येथल्या दुष्काळी तालुक्यांतील माणसें सोनें शुद्ध करण्याचा धंदा करीत साऱ्या हिंदुस्थानभर पसरलीं आहेत. पीक, यंत्र आणि सोनें ह्या तिहींच्या खुणांचा इतिहास निरनिराळा आहे, आणि तो येथें एका टापूंत पाहावयास मिळतो.

खुणेची गरज पहिल्यानें भासली ती नाण्याला. मराठेशाहींत टांकसाळी अनेक होत्या आणि त्यांचे रुपयेही अनेक. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशीं त्यांचीं नांवें आजही कागदपत्रांत भेटतात. अंकुशी रुपयावर खरोखरीच हत्तीच्या अंकुशाचें चिन्ह असे. रुपया म्हणजे रुपया, असें तेव्हां म्हणतां येत नव्हतें. कोणत्या टांकसाळीचा, किती झिजलेला, चांदी किती आणि हीण किती, हें पाहून त्यावर बट्टा कापला जाई. हें पाहण्याचें काम पोतदाराचें. पोतदार आणि सराफ नाणें वाजवून पाहत, कसास लावीत, आणि पारखलेल्या नाण्यावर पुष्कळदां आपली बारीकशी खूण ठोकीत. जुन्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांना हे सराफी ठसे चांगले परिचित आहेत.

ह्या ठशाकडे थोडें निरखून पाहिलें पाहिजे. टांकसाळीचा छाप हा माल घडविणाऱ्याचा छाप आहे. सराफाचा ठसा हा तपासणाऱ्याचा आहे. 'हें मीं केलें' आणि 'हें मीं पाहिलें, ठीक आहे' हीं दोन निराळीं विधानें आहेत, आणि आजच्या सगळ्या प्रमाणचिन्हांचें मूळ दुसऱ्या विधानांत आहे. मात्र त्या ठशाची सत्ता फार आंखूड होती. साताऱ्याच्या सराफाचा ठसा साताऱ्यांत चाले; सोलापुरास त्या सराफाला कोण ओळखतो? खूण ठोकणाऱ्याची ओळख जेथवर पोंचे तेथवरच खुणेची किंमत. पुढें १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे बारांत अकरा भाग. हजारांच्या हिशेबानें मांडलें तर हा आंकडा ९१६ च्या थोडा वर जातो. हा आंकडा श्रोत्यांनीं जरा लक्षांत ठेवावा. बांगडीवर तो आपल्याला पुन्हां भेटणार आहे. त्या रुपयानें हळूहळू बट्टा बाजारांतून हद्दपार केला. भाषेंत मात्र तो राहिला, आणि अब्रूला लागूं लागला.

आतां हळदीकडे वळूं. सांगलीचा हळदीचा बाजार सबंध देशांत नांवाजलेला आहे. राजापुरी जातीच्या हळकुंडांचे सौदे येथें निघतात, आणि माल गुजराथ-राजस्थानापासून दिल्लीपर्यंत जातो. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. 'शारदा' नाटकाचे कर्ते देवल ह्यांचें हें गांव नाट्यरसिकांच्या परिचयाचें आहेच. व्यापाऱ्यांच्या लेखीं मात्र हरिपूर म्हणजे पेवें. येथल्या घट्ट मातींत खोल खड्डे खणून, आंतून पाचटाचें व चटयांचें अस्तर देऊन, त्यांत हळद भरीत आणि तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंत हवा खेळत नसल्यामुळें किडा जगत नसे, आणि वर्षानुवर्षें मालाचा रंग टिके. पेव उघडल्यावर माणूस लगेच आंत उतरत नसे, कारण तीच हवा त्याचाही जीव घेऊं शकते. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून ह्यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं.

ह्या पेवावर कोणती खूण असे? वर सपाट जमीन, आणि आंत कोणाची हळद किती, हें वहींत. पेव उघडण्यापूर्वीं त्याच्या पावतीवर माल हातोहात विकला जाई, आणि घेणारा तो डोळ्यांनीं न पाहतां घेई. कारण तो पेववाल्याला व अडत्याला ओळखत असे. ओळखीवर चालणारा हा व्यापार नांवें ठेवण्यासारखा नव्हता. पण त्यांत दोन माणसांना जागा नव्हती. एक, ज्यानें हळद पिकविली तो शेतकरी. आणि दुसरी, जी ती फोडणींत घालणार ती गृहिणी. बाजारांत दलाल एकमेकांचीं बोटें रुमालाखालीं दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून तो रुमाल पाहत असे. ह्या गुप्त पद्धतीला आळा घालण्यास बाजारसमित्यांचे कायदे यावे लागले; मुंबई इलाख्यांत तो १९३९ सालीं आला.

त्याच्या आधींच प्रतवारीचा विचार सुरू झाला होता. लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ सालीं आपला अहवाल दिला. हिंदी शेतकऱ्याला मालाचा योग्य मोबदला न मिळण्याचें एक कारण, चांगला आणि वाईट माल एकत्र मिसळून एकाच भावानें विकला जातो, हें त्या काळीं पुष्कळांच्या ध्यानीं आलें होतें. १९३५ सालीं मध्यवर्ती सरकारनें शेतमालाच्या विक्रीसाठीं एक खातें उघडलें. ए. एम. लिव्हिंगस्टन हे त्याचे पहिले सल्लागार. १९३७ सालीं शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन ह्यांचा कायदा झाला, आणि 'ॲगमार्क' हा शब्द जन्मास आला. हिंदुस्थानचा नकाशा आणि उगवता सूर्य हें त्याचें चिन्ह. हळदीच्या प्रतवारीचे नियम १९६४ सालचे. त्यांत आपल्या राजापुरी हळकुंडांना स्वतंत्र वर्ग मिळाला.

ह्या नियमांतील एक कलम मला फार आवडतें. हळकुंड हाताला कठीण लागलें पाहिजे आणि मोडतांना धातूसारखा खणखणीत आवाज झाला पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. सांगलीच्या बाजारांत हळकुंड मोडून कानानें पारख करण्याची कला पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. सरकारनें तोच कान कागदावर उतरविला. तुकडे किती टक्के चालतील, माती-कचरा किती, भरकटलेले गड्डे किती, हें त्याच्या पुढें मांडलें आणि मालाचे खास, चांगला, साधारण असे वर्ग पाडले. जी विद्या अडत्याच्या बोटांत होती ती दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या अनोळखी व्यापाऱ्याला वाचतां येऊं लागली. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें खुणेचा हा मोठा लाभ आहे. त्याचा माल त्याच्या नांवाच्या पुढें प्रवास करूं शकतो.

ह्या लाभाची किंमतही आहे. ॲगमार्क घ्यावयाचा तर अधिकारपत्र हवें, मालाचा प्रत्येक गट प्रयोगशाळेंत तपासावयास हवा, आणि मिळालेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब ठेवावयास हवा. मोठ्या पुडीवाल्याला हें जड जात नाहीं. घरगुती गिरणीवर हळद दळून विकणाऱ्या बाईला मात्र तें परवडत नाहीं, जरी तिची हळद त्याच्याहून सरस असली तरी. हें चिन्ह बहुतेक मालाला ऐच्छिक ठेवलें गेलें, त्याचें एक कारण हेंच असावें. चिन्ह नाहीं म्हणून माल वाईट, असा अर्थ ग्राहकानें कधींही काढूं नये. चिन्ह नाहीं ह्याचा अर्थ एवढाच कीं साक्षीदार नाहीं. मग पारख ज्याची त्यानें करावयाची.

आणि हळदीची पारख डोळ्यांनीं करणें धोक्याचें आहे. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद आवडते, हें कळल्यावर रंग देणारे निघणारच. मेटानिल यलो नांवाचा कापड रंगविण्याचा रंग, आणि त्याहून भयंकर म्हणजे लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा क्षार, हळदीला चोपडल्याचे प्रकार आपल्या देशांत व शेजारच्या बांगला देशांत उघडकीस आले आहेत. शिसें लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतें, आणि तेंही चवींत किंवा वासांत कसलीही सूचना न देतां. मेटानिल यलो ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. हळदीच्या पाण्यांत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले असतां गुलाबी रंग आला आणि पाणी वाढवूनही तो टिकला, तर भेसळ आहे. पण असलें आम्ल घरीं कोणी ठेवावें, असें मी सुचवीत नाहीं. आपल्या आजीला न करतां येणारी अशी एक तपासणी आज आवश्यक झाली आहे, आणि ती आपल्यावतीनें दुसऱ्या कोणी तरी केली पाहिजे.

पुडीच्या पाठीमागील चौदा आंकड्यांविषयीं फार गैरसमज आहे. तो अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे २००६ च्या कायद्याखालील, परवान्याचा क्रमांक. हा माल करणारा नोंदलेला आहे आणि सांपडूं शकतो, एवढेंच तो सांगतो. ह्या पुडींतील हळद तपासली आहे, असें तो सांगत नाहीं. पांचगणी-महाबळेश्वराच्या मुरंब्यांच्या व सरबतांच्या बाटल्यांवर 'एफपीओ' हीं अक्षरें आपल्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तीं १९५५ च्या फळपदार्थविषयक हुकुमाचीं; नवा अन्नकायदा अंमलांत आल्यावर २०११ सालीं तो हुकूम संपला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० सालीं, साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला व सांगलीच्या बेदाण्याला २०१६ सालीं, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं मिळालेलें भौगोलिक मानांकन हें आणखी तिसरेंच प्रकरण. तें माल कोठला आहे हें सांगतें, आणि त्या गांवाच्या नांवाचा गैरवापर थांबविण्याचा हक्क तेथील उत्पादकांना देतें. 'सांगलीची हळद' हें नांव सांगलीबाहेरच्या हळदीला लावतां येऊं नये, हा त्याचा हेतु. एकाच पुडीवर तीन चिन्हें असलीं तर तीं तीन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत: कोणी केलें, कोठें पिकलें, आणि किती चांगलें. ग्राहक तिन्हींची बेरीज करून 'सरकारनें पास केलें' असें एकच उत्तर काढतो. दुकानदारही त्याला सुधारीत नाहीं.

कारखान्याच्या मालाची गोष्ट वेगळ्या वाटेनें गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगल्यांचा कांचकारखाना १९१६ सालीं निघाला, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलानें परदेशी कंदिलाशीं टक्कर दिली. ह्या मालावर सरकारी मोहोर नव्हती. घडविणाऱ्याचें नांव हीच खूण. स्वदेशीच्या काळांत त्या नांवाला देशाभिमानाची जोड मिळाली, हें खरें. पण कांच तडकली किंवा फाळ वांकला तर देशाभिमान दुसऱ्यांदा माल खपवीत नाहीं. शेतकऱ्यानें विश्वास टाकला तो शेजाऱ्याच्या शेतांत नांगर चालतांना पाहून.

मग ह्या लोकांना तिऱ्हाइताच्या शिक्क्याची गरज कां भासावी? नांव कमावलेल्याला ती फारशी नसते. गरज असते ती नव्याला. आणि ग्राहकाला असते, कारण नांवाचा आधार घेणारे नकलीही तितकेच असतात. ६ जानेवारी १९४७ रोजीं भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ सालीं प्रमाणचिन्हांचा कायदा आला, आणि १९५५-५६ च्या सुमारास परवाने देण्यास आरंभ झाला. १ एप्रिल १९८७ पासून त्या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोनें घेतली. तरी चिन्ह मात्र जुनेंच, 'आयएसआय', चालू राहिलें. लोकांच्या जिभेवर बसलेली खूण बदलण्याचा मोह संस्थेला झाला नाहीं, हें शहाणपणाचें.

शेतीच्या पंपाचें उदाहरण घेऊं, कारण कृष्णाकांठच्या उसाला पंपावांचून गति नाहीं. आयएस ६५९५ ह्या मानकांत पाणी उपसणाऱ्या आडव्या पंपांविषयींच्या अपेक्षा लिहिलेल्या आहेत: इतक्या उंचीवर इतकें पाणी, आणि त्यासाठीं खर्च होणाऱ्या शक्तीचा इतका तरी उपयोग झाला पाहिजे. वरकरणीं दोन पंप सारखेच दिसतात. एक दिवसभर वीज जाळून अर्धें शेत भिजवितो, दुसरा तेवढ्याच विजेंत सगळें. हा फरक शेतकऱ्याला दुकानांत दिसत नाहीं, शेतांतही लवकर दिसत नाहीं. तो विजेच्या बिलांत वर्षानुवर्षें मुरत राहतो. चिन्हाची खरी किंमत अशा ठिकाणीं कळते.

कारखानदाराला ह्यासाठीं काय करावें लागतें, तेंही पाहूं. परवान्यापूर्वीं कारखान्याची पाहणी होते. मालाची नियमित तपासणी करण्याची सोय व माणसें ठेवावीं लागतात, ठरलेल्या आराखड्याप्रमाणें नोंदी लिहाव्या लागतात, वार्षिक आकार भरावा लागतो. आणि ब्यूरोचे अधिकारी कारखान्यांतून व दुकानांतूनही नमुने उचलतात. २०१६ च्या कायद्यानें सदोष माल बाजारांतून परत घेण्यास लावण्याचा अधिकारही ब्यूरोला मिळाला. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खालीं परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. नुसतीं तीन अक्षरें छापून क्रमांक न देणारा माल पाहिला, तर तो ठेवून द्यावा.

पुष्कळ मालाला हें चिन्ह ऐच्छिक असलें तरी सिमेंट, गॅसची टाकी, प्रेशर कुकर ह्यांसारख्या जिवाशीं गांठ असलेल्या मालाला तें सक्तीचें आहे. मुलांच्या खेळण्यांना २०२१ च्या आरंभापासून तें सक्तीचें झालें, तेव्हां लांकडाचीं बाहुलीं करणाऱ्या कारागिराचा प्रश्न उभा राहिला. त्याच्या एका बैलगाडीच्या किंमतींत तिची प्रयोगशाळेंतील तपासणी होणार नव्हती. शेवटीं नोंदलेल्या हस्तव्यवसायी कारागिरांना सूट द्यावी लागली. सक्ती करणाऱ्यांना हें आधीं सुचलें असतें, तर बरें झालें असतें. युरोपांत ह्या बाबतींत आणखी निराळी रीत आहे. तेथील 'सीई' ही खूण बहुतेक मालावर कारखानदार स्वतःच लावतो, स्वतःच्या जबाबदारीवर, आणि मागितल्यास पुराव्याचे कागद दाखवितो. आपल्याकडच्या ग्राहकाला मात्र ती परदेशी दोन अक्षरें पाहून युरोपीय सरकारनें माल पारखला असें वाटतें. तसें तिच्यांत कांहीं नाहीं.

आतां बांगडीकडे येऊं. खानापूर, आटपाडी, तासगांव ह्या तालुक्यांत पाऊस कमी आणि जमीन हलकी. विटें व आसपासच्या खेड्यांतील माणसें पोटासाठीं घराबाहेर पडलीं, आणि त्यांनीं गलाईचा धंदा धरला. आज केरळापासून बंगालपर्यंत कोणत्याही सराफकट्ट्यावर जा, मागल्या बोळांत सोनें गाळणारा माणूस विट्याकडचा निघण्याचा संभव फार. कृति अशी. मोडींत आलेलें सोनें सुमारें तिप्पट चांदीबरोबर वितळवितात. मग तो गोळा पातळ करून तेजाबांत, म्हणजे नायट्रिक आम्लांत, टाकतात. चांदी आणि तांबें विरघळून जातें, आणि तळाशीं तपकिरी माती राहावी तसें शुद्ध सोनें राहतें. तें पुन्हां मुशींत आटविलें कीं झळाळतें. चांदी इतकी कां घालावयाची? कमी घातली तर आम्ल सोन्याच्या पोटांत शिरूं शकत नाहीं. हें प्रमाण पुस्तकांत आहे. ह्या मंडळींना तें पुस्तकावांचून ठाऊक होतें. आम्लाच्या लालसर वाफा त्यांनीं वर्षानुवर्षें छातींत घेतल्या आहेत, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

ह्या गाळणाऱ्यांना जें दिसे तें घरच्या बायकांना कधीं दिसत नसे. बावीस कॅरटची म्हणून घेतलेली पाटली मुशींत किती उतरते, हें गलाईवाल्याला माहीत. डाग किती, हीण किती, हेंही त्याला माहीत. पाटली ज्या दुकानांतून घेतली त्याच दुकानीं मोडली तर पूर्ण किंमत. दुसरीकडे नेली तर सोनार कसोटीवर रेघ ओढून नाक मुरडणार आणि तूट धरणार. ह्यामुळें एक घराणें आणि एक सराफ अशा जोड्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या. सांगलीस १८३२ पासून चालत आलेली गाडगिळांची पेढी आहे. अशा नांवाजलेल्या पेढ्यांचें खरें भांडवल तिजोरींतील सोन्याहून लोकांचा विश्वास हेंच होतें. पण ह्या विश्वासाची दुसरी बाजू अशी कीं गिऱ्हाईक त्यानें बांधलें जाई. मुलगी लग्न होऊन दूर गांवीं गेली, आणि अडचणीच्या वेळीं दागिना मोडावयाची पाळी आली, तर माहेरच्या सराफाचें नांव तेथें चालत नसे. स्त्रीधन म्हणून दिलेलें सोनें नेमकें गरजेच्या वेळीं हलकें होई.

विलायतेंत ह्या रोगावर उपाय फार पूर्वीं योजला गेला. १३०० सालीं पहिल्या एडवर्ड राजानें कायदा केला कीं चांदीचें काम ठराविक शुद्धतेहून कमी नसावें, आणि पारखून त्यावर बिबळ्याच्या मुखाचा ठसा मारावा. १३६३ पासून कारागिराची खूणही आली. तरी तक्रारी थांबेनात. १४७८ सालीं लंडनच्या सोनारसंघानें सगळा माल आपल्या सभागृहांत आणून पारखण्यास सुरुवात केली. सभागृहाला 'हॉल' म्हणतात, म्हणून तो 'हॉलमार्क'. आणि त्याच वेळीं ठशांत दरवर्षीं बदलणारें एक अक्षर घातलें गेलें. हें अक्षर म्हणजे दागिन्याचें वय सांगण्यासाठीं, अशी पुष्कळांची कल्पना असते. खरें कारण वेगळें होतें: माल खोटा निघाला तर त्या वर्षीं पारखीवर कोण होता हें कळावें. पारखणाऱ्यालाच पकडतां यावें म्हणून ती सोय होती.

आपल्याकडे सोन्यासाठीं हॉलमार्क २००० सालीं आला, तो ऐच्छिक म्हणून. वीस वर्षें तो मोठ्या शहरांत व मोठ्या दुकानांत राहिला. जून २०२१ मध्यें देशांतील २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि त्याच सुमारास प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक देण्याचें ठरलें. ह्या क्रमांकाविरुद्ध सराफांनीं २३ ऑगस्ट २०२१ रोजीं देशभर लाक्षणिक बंद पाळला. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. हजारों बारीक नग केंद्रावर पाठवावयाचे, दिवसेंदिवस अडकून पडावयाचें, आणि सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला थांबवावयाचें, हें लहान सोनाराला जाचकच होतें. लहान उलाढालीच्या दुकानदारांना सूट देण्यांत आली ती ह्याच जाणिवेनें. तरीही १ एप्रिल २०२३ पासून क्रमांकावांचून हॉलमार्कचा दागिना विकतां येत नाहीं.

आजच्या बांगडीवर तीन गोष्टी असतात: ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. शुद्धतेच्या जागीं २२के९१६ असें लिहिलेलें असतें. चोविसांत बावीस म्हणजे बारांत अकरा, म्हणजे कंपनीच्या रुपयांतलें तेंच प्रमाण. क्रमांक ब्यूरोच्या ॲपमध्यें घातला कीं सराफ कोण, पारखलें कोणत्या केंद्रानें, शुद्धता किती, हें दिसतें. लंडनच्या त्या वार्षिक अक्षराचें काम हा क्रमांक करतो. आणि शुद्धता लिहिल्यापेक्षां कमी निघाली, तर २०१८ च्या नियमांप्रमाणें विकलेल्या वजनावर जितकी तूट येईल तिच्या किंमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळाला पाहिजे. हा हक्क किती घरांत ठाऊक आहे, कोण जाणे. पावती जपून ठेवण्याची संवय मात्र आपल्या बायकांना आहे, आणि ह्या कामीं तीच उपयोगी पडते.

ह्या व्यवस्थेनें मुलीला माहेरच्या सराफापासून मोकळें केलें. विट्याची पाटली आज कोचीनला किंवा कलकत्त्याला तितक्याच किंमतीला मोडतां येते, निदान यावी. लहान सोनाराचें मात्र नुकसान झालें. त्याच्या आजोबांनीं तीन पिढ्यांत मिळविलेलें नांव, आणि काल दुकान उघडणाऱ्याचा शिक्का, ह्यांची किंमत आतां गिऱ्हाइकाच्या लेखीं एक झाली. त्यानें तक्रार केली तर ती समजून घेतली पाहिजे. आणि मुलीच्या बाजूनें विचार केला तर ही बरोबरी व्हावयासच हवी होती.

आणि गलाईवाला? हॉलमार्क केंद्रांत आज क्ष-किरणांचें यंत्र दागिन्याला ओरखडाही न पाडतां मिनिटभरांत शुद्धता सांगतें, आणि पक्क्या निर्णयासाठीं शिशाबरोबर तापवून अग्निपरीक्षा होते. ह्या अग्निपरीक्षेंत चांदी मिसळणें आणि आम्लांत सोडविणें हे दोन टप्पे आहेत. म्हणजे विट्याच्या माणसाचीच कृति, तराजू अधिक नाजूक. यंत्राचें बोट दागिन्याच्या वरच्या कातड्यावर फिरतें. आंत डाग लपला असेल तर तो त्याला दिसतोच असें नाहीं. मुशींत मात्र तो दिसतो. म्हणून मोडीचें सोनें अजून त्या मागल्या बोळांतच जातें. तेथें धुराड्याखालीं बसलेला माणूस गोळ्याचा रंग पाहून आंकडा सांगतो, आणि तो आंकडा कोणत्याही बांगडीवर उमटत नाहीं.